दुसऱ्या पानावर तीच नावं पुन्हा: लिमिट लावलेल्या क्वेरीचं आमचं दरवर्षीचं दुखणं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते ताडून बघता येईल. डेटाबेसला क्वेरी, म्हणजे मागणी, पाठवली की यादी वीस-वीस ओळींच्या पानांत येते; हा वीसचा आकडा म्हणजे लिमिट. पहिल्या पानावरची दोन-तीन नावं दुसऱ्या पानावर पुन्हा दिसतात, आणि तितकीच नावं कुठल्याच पानावर सापडत नाहीत. ओळींची एकूण संख्या बरोबर असते. एरर कुठेच येत नाही. पान रिफ्रेश केलं तर कधी कधी गोंधळ आपोआप मिटतो, आणि त्यानेच माणूस जास्त फसतो.

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या एका गणेशोत्सव मंडळाची वर्गणी मी कॉम्प्युटरवर चढवतो. सेवा म्हणून. पानं बनवायला पीएचपी, नोंदी ठेवायला मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, एवढाच पसारा. पावत्या अकराशेच्या आसपास. रोज संध्याकाळी आरतीच्या आधी वर्गणीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने छापायची आणि मंडपाबाहेरच्या फळ्यावर लावायची, हा आमच्या खजिनदारांचा नियम. पावसाने कागद भिजतो, शाई पसरते, तरी लोक छत्री धरून आपलं नाव शोधतातच.

पहिल्या वर्षी शेजारचे काका आले. "अरे भिया, तुझ्या यादीत मी दोनदा आहे आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी एकदाही नाहीत. त्यांनी माझ्यासमोर पावती फाडून घेतलीय!" मी म्हटलं, काका, ब्राउझरचा कॅश असेल, पुन्हा छापतो. पुन्हा छापली. वहिनी आल्या, दुसरंच कोणीतरी गेलं. ते गृहस्थ फळ्याकडे फिरकले नाहीत, म्हणून मी सुटलो.

दुसऱ्या वर्षी मी हुशारी केली. लिमिट वीसचं दोनशे केलं, पानं कमी झाली, तक्रारीही कमी झाल्या. ही दुरुस्ती नव्हतीच. घोळ पानांच्या सीमेवर होतो. मी फक्त सीमा कमी केल्या होत्या.

खजिनदारांच्या हिशेबी यादी चोख होती, कारण त्यांनी सगळ्या पानांची बेरीज मारली आणि ती रोकडवहीशी रुपयापर्यंत जुळली. काकांच्या मते यादी चूक. दोघंही खरंच बोलत होते, आणि तिसऱ्या वर्षी धागा सापडला तो यातूनच. दोनदा आलेली नावं आणि गायब झालेली नावं मी समोरासमोर लिहून काढली. सगळी ५०१ रुपयेवाली. एकाच्या जागी दुसरा ५०१ वाला बसला की बेरीज कशाला बिघडेल?

तेव्हाची क्वेरी अशी होती. इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय, मशीनला मात्र रोमन अक्षरांतच द्या:

सिलेक्ट पावती_क्र, नाव, रक्कम
फ्रॉम वर्गणी
ऑर्डर बाय रक्कम डेस्क
लिमिट २० ऑफसेट २०;

वाचताना काही खटकत नाही. रकमेप्रमाणे उतरता क्रम, पहिले वीस सोडा, पुढचे वीस द्या. पण वर्गणीच्या रकमा कशा असतात हे डोळ्यांसमोर आणा. १०१, २५१, ५०१, ११०१. कोणी ५३७ रुपये देत नाही. आमच्याकडे ५०१ वाले तीनशेच्या वर आहेत. "रकमेप्रमाणे लाव" म्हटल्यावर या तीनशे जणांनी आपापसांत कुठल्या क्रमाने उभं राहायचं हे मी सांगितलेलंच नाही. मी सांगितलं नाही म्हणजे डेटाबेसला मुभा. आज असे उभे राहतील, पुढच्या क्वेरीला तसे.

पंगतीचं बघा. वाढपी म्हणतो, एका पंगतीला वीसच पानं. पहिली पंगत उठते, दुसरीसाठी "आधीचे वीस सोडून पुढचे वीस या" अशी हाक येते. रांग जागची हलली नसेल तर सगळं सुरळीत. पण प्रत्येक हाकेला अख्खी रांग मोडून नव्याने लागत असेल, तर कोणी दोनदा जेवतं आणि कोणी उपाशी घरी जातं. लिमिट म्हणजे पानांची संख्या, ऑफसेट म्हणजे किती जण सोडायचे. रांग कशी लागणार हे त्या दोघांच्याही हातात नाही, ते काम फक्त ऑर्डर बायचं. आणि दुसऱ्या पानाची क्वेरी ही डेटाबेसच्या दृष्टीने कोरी करकरीत नवी क्वेरी असते. पहिल्या पानावर काय दिलं ते त्याच्या लक्षात नसतं.

पण मग माझ्या लॅपटॉपवर हे का होत नव्हतं? मला सगळ्यात जास्त छळलं ते या प्रश्नाने. तोच डेटा, तीच क्वेरी. घरी प्रत्येक वेळी चोख, सर्व्हरवर घोळ. उत्तर मिळालं क्वेरीपुढे एक्सप्लेन लावल्यावर; डेटाबेस ती क्वेरी कुठल्या मार्गाने चालवणार ते त्यात दिसतं. लॅपटॉपवर मी कधीतरी रक्कम या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे क्रमाने लावलेली सूची, टाकला होता आणि विसरलो होतो. सर्व्हरवर तो नव्हता. इनोडीबी म्हणजे मायएसक्यूएलची ओळी साठवणारी यंत्रणा; तिच्या अशा दुय्यम इंडेक्समध्ये प्रत्येक नोंदीसोबत प्रायमरी की, म्हणजे त्या ओळीचा एकमेव ओळख क्रमांक, साठवलेली असते. त्यामुळे इंडेक्सवरून वाचताना सारख्या रकमेच्या ओळी आपोआप प्रायमरी कीच्या क्रमाने येतात. मी क्रम मागितला नव्हता, मला तो फुकट मिळत होता. उद्या डेटाबेसमधल्या मार्ग ठरवणाऱ्या ऑप्टिमायझरने इंडेक्स सोडून दुसरा मार्ग धरला असता तर तोही गेला असता.

सर्व्हरवर एक्सप्लेनच्या शेवटच्या कॉलममध्ये "यूझिंग फाइलसॉर्ट" दिसलं. म्हणजे ओळी वाचून मग वेगळं सॉर्टिंग. मायएसक्यूएल ५.६ पासून इथे एक शॉर्टकट आला. लिमिट असेल तर अख्खं टेबल सॉर्ट न करता फक्त लागतील तेवढ्या वरच्या ओळी एका रांगेत धरून ठेवायच्या आणि बाकीच्या टाकून द्यायच्या. पहिल्या पानाला ही रांग वीसची, दुसऱ्याला चाळीसची, तिसऱ्याला साठची, कारण ऑफसेटच्या ओळीही धराव्याच लागतात. रांगेची लांबी बदलली की सारख्या रकमेच्या ओळींचा आपसातला क्रमही बदलू शकतो. याला बग म्हणता येत नाही. ऑर्डर बायच्या कॉलमांत सारख्या किमती असतील तर ओळी कुठल्याही क्रमाने येऊ शकतात, असं मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं, एवढंच.

उपाय एका शब्दाचा आहे, पण तो एक शब्द बरोबर पडेपर्यंत मी दोनदा तोंडावर आपटलो. आधी रकमेच्या मागे तारीख जोडली. गणेश चतुर्थीच्या आदल्या रविवारी आमची पोरं घरोघर फिरतात, एका दिवसात दीडशे पावत्या फाटतात. तारीखही सारखीच. मग पावती क्रमांक जोडला, आणि तो तरी वेगळाच असणार म्हणून निर्धास्त झोपलो. सकाळी कळलं की राजवाड्यामागच्या छापखान्यातून आलेल्या दोन पावतीपुस्तकांवर एकच नंबर छापलेत, १०५१ ते ११००. छापणाऱ्याचं चुकलं की आमच्या ऑर्डरचं, तो वाद अजून चालू आहे. शेवटी टेबलाची प्रायमरी की, म्हणजे आयडी, घेतली:

ऑर्डर बाय रक्कम डेस्क, आयडी
लिमिट २० ऑफसेट २०;

शेवटच्या कॉलममुळे कुठल्याही दोन ओळी बरोबरीत सुटता कामा नयेत. "बहुतेक वेगळं असतं" असा कॉलम चालत नाही, ज्यावर युनिक बंधन आहे, म्हणजे एकच किंमत दोनदा येऊच शकत नाही, असाच लागतो. तुमच्या क्वेरीत बरोबरी आहे का हे तपासायचं असेल तर ऑर्डर बायमधले सगळे कॉलम ग्रुप बायमध्ये टाका आणि हॅविंग काउंट(*) > १ लावा. एक जरी ओळ आली तरी घोळाला वाव आहे. मी तारखेच्या वेळी हे केलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

यानंतरही नावं परत येत असतील, तर मग रांगेत मध्येच कोणी घुसतंय का ते बघा.

छापील यादीला हा त्रास होत नाही, मोबाइलवर बघणाऱ्यांना होतो. आमच्याकडे "ताज्या पावत्या" असं एक पान आहे, नवी पावती सगळ्यात वर. एखादा पहिलं पान वाचत असताना स्वयंसेवकांनी तीन नव्या पावत्या चढवल्या, की सगळ्या ओळी तीन घरं खाली सरकतात. तो दुसऱ्या पानावर जातो आणि पहिल्या पानाच्या शेवटच्या तीन ओळी पुन्हा वर दिसतात. पावती रद्द झाली तर उलटं, एक ओळ कुणालाच न दिसता निसटते. इथे क्रम अगदी पक्का असूनही उपयोग नाही, कारण "वीस सोडा" हे मोजमापच सरकत्या जमिनीवर उभं आहे.

त्याला इलाज म्हणजे ऑफसेट सोडून देणं. किती सोडायचे ते सांगू नका, कुठे थांबलो होतो ते सांगा. पोथी वाचताना आपण खूण ठेवतो तसं. रकमेच्या यादीत मागच्या पानाची शेवटची ओळ ५०१ रुपये, आयडी ७४२ अशी असेल, तर पुढचं पान:

व्हेअर रक्कम < ५०१
ऑर (रक्कम = ५०१ अँड आयडी > ७४२)
ऑर्डर बाय रक्कम डेस्क, आयडी
लिमिट २०;

चिन्हं नीट बघा. रक्कम उतरती म्हणून "पेक्षा कमी", आयडी चढता म्हणून "पेक्षा जास्त". दोन्ही कॉलम एकाच दिशेचे असतील तर पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ते कंसात जोडीने लिहून एकाच तुलनेत भागतं, दिशा वेगळ्या असतील तर वरच्यासारखं फोडूनच लिहावं लागतं. यात "सातव्या पानावर जा" करता येत नाही, फक्त पुढे जाता येतं. आमच्या लोकांना सातव्या पानाचं काही पडलेलं नाही, आपलं नाव दिसलं की झालं. वेगाचाही फायदा आहे, कारण मोठा ऑफसेट म्हणजे डेटाबेस तेवढ्या ओळी वाचतो आणि फेकून देतो. अकराशे पावत्यांना ते जाणवायचं नाही. लाखांच्या टेबलात शेवटची पानं रखडायला लागली की मात्र आधी इथेच बघा.

दुसरी एक तक्रार दिसायला जवळची, पण तिचं मूळ निराळं. लिमिट २० आहे आणि पानावर चौदाच माणसं दिसतात. आमच्याकडे काही जण वर्गणी दोन हप्त्यांत देतात, अर्धी रोख, अर्धी यूपीआयने. वर्गणीचं टेबल आणि भरण्याचं टेबल जॉइन केलं की त्या माणसाच्या दोन ओळी होतात. लिमिट माणसं मोजत नाही, जॉइन झाल्यावरच्या ओळी मोजतं. म्हणून आधी आतल्या क्वेरीत वीस माणसं निवडा आणि मग बाहेर भरण्याचं टेबल जोडा:

सिलेक्ट व.नाव, भ.तारीख, भ.रक्कम
फ्रॉम (सिलेक्ट आयडी, नाव, रक्कम फ्रॉम वर्गणी
ऑर्डर बाय रक्कम डेस्क, आयडी
लिमिट २० ऑफसेट २०) व
लेफ्ट जॉइन भरणा भ ऑन भ.वर्गणी_आयडी = व.आयडी
ऑर्डर बाय व.रक्कम डेस्क, व.आयडी, भ.आयडी;

बाहेरचा ऑर्डर बाय वगळू नका. आतला क्रम जॉइननंतर टिकेल याची हमी कोणी देत नाही. आणि लेफ्ट जॉइन अशासाठी, की ज्यांनी नाव लिहवलंय पण पैसे दिलेले नाहीत ते यादीतून गळू नयेत. खजिनदारांना तर तेच आधी हवे असतात.

बाकीच्या भानगडी चटकन उरकतो.

खजिनदारांनी एकदा रात्री अकराला फोन केला. "अरे, शंभरेक पावत्या गेल्या! हजारच दिसतायत!" मी सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, होतो, हातात भुट्ट्याचा कीस, तो तसाच थंड झाला. गेलं काहीच नव्हतं. त्यांनी मायएसक्यूएल वर्कबेंच उघडलं होतं, आणि ते मूळ सेटिंगप्रमाणे आपल्या क्वेरीमागे स्वतःच एक हजारचं लिमिट जोडतं. पीएचपीमायअ‍ॅडमिन पंचवीस ओळींची पानं करतं. नेमका गोल आकडा दिसला की डेटाच्या आधी टूलवर संशय घ्या.

सगळ्यात मोठे वीस वर्गणीदारच यादीतून गायब असतील तर गणित तपासा. पान एकपासून मोजताय आणि ऑफसेट पान गुणिले वीस केलाय. तो पानातून एक वजा करून मग वीसने गुणायचा. आणि ब्राउझरच्या पत्त्यात कोणी पान शून्य टाकलं तर ऑफसेट उणे होतो आणि क्वेरी एरर देते, म्हणून आलेला आकडा पूर्णांकात बदलून एकच्या खाली जाऊ देऊ नका.

मायएसक्यूएलमधलं "लिमिट ४०, २०" हे रूप मी आता वापरतच नाही. त्यात पहिला आकडा सोडायच्या ओळींचा आणि दुसरा घ्यायच्या ओळींचा, आणि दहातले पाच जण ते उलटं वाचतात. पोस्टग्रेसला ते चालतही नाही. ऑफसेट शब्द लिहिलेला बरा.

पीएचपीतून डेटाबेसशी बोलणाऱ्या पीडीओमधून लिमिटचा आकडा एक्झिक्यूटला ॲरेतून दिला, तर तो मजकूर समजून अवतरणचिन्हांत जातो आणि १०६४ नंबरची सिंटॅक्स एरर येते. बाइंडव्हॅल्यू वापरा आणि प्रकार पॅराम_आयएनटी द्या. क्वेरी हाताने चालवली की चालते आणि पीएचपीतून चालत नाही, तेव्हा बहुतेक हेच असतं.

दुसऱ्या डेटाबेसवर असाल तर शब्द वेगळे, दुखणं तेच. लिमिट हा शब्द एसक्यूएलच्या मानकात नाही. २००८ च्या मानकात "फेच फर्स्ट" आलं. पोस्टग्रेसला दोन्ही समजतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुनं टॉप आहे, आणि २०१२ च्या आवृत्तीपासून ऑफसेट-फेच, जे ऑर्डर बाय नसेल तर चालतच नाही. मला हे आवडतं. क्रम न सांगता पानं मागणाऱ्याला दारातच अडवलं पाहिजे.

ओरॅकलचं रोनम मात्र नीट समजून घ्यावं लागतं. हा नंबर सॉर्टिंगच्या आधी चिकटतो. त्यामुळे "व्हेअर रोनम <= २०" आणि पुढे ऑर्डर बाय लिहिलं तर हाताला लागतील ते वीस जण आधी निवडले जातात आणि मग त्यांनाच रांगेत लावलं जातं. मोठे वर्गणीदार त्यात असतीलच असं नाही. सॉर्ट केलेली क्वेरी आत घालून रोनमची अट बाहेर लावायची. आणि "रोनम > २०" लिहिलं तर एकही ओळ येत नाही. पहिल्या ओळीला नंबर एक मिळतो, तो वीसच्या वर नाही म्हणून ती बाद, मागून येणाऱ्या ओळीलाही पुन्हा एकच नंबर. कोणी एकाच्या पुढे जातच नाही. १२सी पासून ओरॅकलमध्येही फेच फर्स्ट आहे, जमत असेल तर तेच वापरा.

आता एक गोष्ट राहिली, ती क्वेरीने सुटत नाही. मंडळाने ठरवलं की पहिल्या दहा वर्गणीदारांना महाप्रसादाच्या दिवशी श्रीफळ द्यायचं. लिमिट १०. दहावा २१०० रुपयेवाला, अकरावा आणि बारावाही २१०० वाले. आधीच्या माझ्या क्वेरीने यातला कोणीही माणूस दहावा निवडला असता. आताची क्वेरी दर वेळी एकालाच निवडते आणि त्याच दोघांना वगळते. एसक्यूएल सर्व्हरच्या टॉपला आणि पोस्टग्रेस १३ पासूनच्या फेच फर्स्टला "विथ टाइज" जोडता येतं, म्हणजे दहाव्याच्या बरोबरीचे सगळे आत येतात. मायएसक्यूएलला ते नाही. ८.० पासून विंडो फंक्शन्स आहेत, म्हणजे इतर ओळींशी ताडून प्रत्येक ओळीला किंमत देणारी सोय, तर रँक() काढून, ज्यात बरोबरीच्यांना एकच क्रमांक मिळतो, दहापर्यंतचे घ्यायचे:

सिलेक्ट नाव, रक्कम
फ्रॉम (सिलेक्ट आयडी, नाव, रक्कम,
रँक() ओव्हर (ऑर्डर बाय रक्कम डेस्क) ॲज क्रम
फ्रॉम वर्गणी) य
व्हेअर क्रम <= १०
ऑर्डर बाय क्रम, आयडी;

रँकच्या आतल्या ऑर्डर बायमध्ये आयडी मुद्दाम नाही. तिथे तो टाकला तर बरोबरी मोडते आणि आपण पुन्हा जिथल्या तिथे. आमच्याकडे बारा नावं आली. खजिनदारांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि दोन नारळ जास्तीचे सांगितले.

या वर्षी काका आले, चष्मा वर ढकलून बोट लावत सगळी पानं वाचली. एकदाच आहेत, वहिनीही आहेत. मग म्हणाले, "पण त्या माझ्या वर कशा? रक्कम तर सारखीच." म्हटलं काका, त्यांची पावती तुमच्या आधी चढली. काकांनी खिशातून पाकीट काढलं. "पुढच्या वर्षीची आत्ताच घेतोस का?"